शब्दचर्चा : काटकसर, टूक आणि 'पुरवठ्याला येणं'

एक चादर मधोमध पार विरली होती, कडा मात्र चांगल्या दणकट. उभी मधून फाडली, बाहेरच्या दोन्ही कडा एकमेकींना जोडल्या. विरलेला भाग कडेला गेला, त्याला दुमड घातली, तो आता गादीखाली खोचला जातो. हे पाहून घरात एकजण म्हणालं 'कंजूषपणा', दुसरं म्हणालं 'काटकसर'. मला दोन्ही पटेनात. कंजूष माणूस कुणाच्या तरी वाट्याचं कमी करतो, इथे कुणाचं काहीच कमी झालं नाही. काटकसरीतही काटणं आहेच. आहे ते वाया न घालवता वापरणं, याला वेगळा शब्द आहे का? आणि वस्तूच्या बदल्यात वस्तू देण्याला 'वस्तुविनिमय' सोडून बोलण्यातला शब्द कोणता?

— आहे की! टूक. 'टुकीनं संसार केला' म्हणतात तेव्हा पैसे वाचवण्याच्या आधी नीटनेटकेपणा डोळ्यांपुढे येतो. 'निगुतीनं' जवळचा आहे, पण त्यात काळजी जास्त, खर्चाशी संबंध असेलच असं नाही. आणि माझा सगळ्यात लाडका प्रयोग 'पुरवठ्याला येणं'. पुरवठा म्हटलं की आता पाणी नाहीतर वीज आठवते, पण साबणाची वडी वापरून झाल्यावर कोरडी राहील अशी ठेवली की ती पुरवठ्याला येते, असं आपण म्हणतोच. यातलं व्याकरण बघा. काटकसर माणूस करतो, पुरवठ्याला मात्र वस्तू येते. तुमची चादर पुरवठ्याला आली. हा वाक्प्रचार मागे पडतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

— काटकसरीची बाजू घेतो. 'काट' काटण्यातला, 'कसर' मूळ अरबी : मोडणं, तुकडा, अपूर्णांक. मराठीत ती उणीव झाली, म्हणून आपण 'कसर भरून काढतो'. पण शब्दाची फोड म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. कद्रू, चिकट, कवडीचुंबक म्हटलं तर माणूस दुखावतो, काटकसरी म्हटलं तर नाही. उलट 'कृपण' बघा. गीतेत 'कृपणाः फलहेतवः' (२.४९) यात कृपण म्हणजे दीन, कीव यावी असे. त्या शब्दाचा चिक्कू हा अर्थ आपल्याला जास्त ओळखीचा. काटकसरीची हद्द दाखवणारी म्हणही आपल्याकडे आहे : दात कोरून पोट भरत नाही.

— दुसऱ्या प्रश्नाचं. जुना शब्द 'साटं', म्हणजे अदलाबदल, सौदा. घर-जमिनीच्या व्यवहारातल्या साठेखतात (मूळ साटेखत) तो अजून आहे. पण 'साटंलोटं' म्हटलं की आता संगनमताचाच वास येतो, त्यामुळे चांगल्या देवघेवीला तो वापरवत नाही. 'मोबदला' अरबीत अदलाबदलच, मराठीत मात्र तो पैशाकडे झुकला. 'उसनं' वेगळं : नेलं तेच, तेवढंच परत करायचं. मी एकीच्या मुलाला गणित शिकवलं, तिनं माझे पडदे शिवून दिले. याला आम्ही 'अदलाबदल' म्हणतो आणि शेवटी 'फिट्टंफाट'. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात कुणी कुणाचं देणं लागत नाही. फक्त किती तासांना किती पडदे हे आधी बोलून घ्यावं, नाहीतर फिट्टंफाट झाली की नाही हे एकालाच कळतं.

— सर्वांचे आभार. टूक आणि पुरवठा दोन्ही घेतले. चादरीच्या दुमडीतून निघालेल्या पट्ट्या जोडून एक पिशवी शिवली आहे, मैत्रिणीला द्यायची आहे. सोबतच्या चिठ्ठीत काय लिहू? 'हस्तनिर्मित' म्हटलं की दुकानातली वाटते, 'घरगुती' म्हटलं की कामचलाऊ.

— 'हातची' लिहा. बेरजेत हातचा धरतो तो पुढच्या घरात जातो, तशीच ही पुढच्या घरी चालली आहे. 'हातचं राखून' मधला हातचा वेगळा, तो इथे आठवायचं कारण नाही.

— लिहिलं. 'माझ्या हातची', एवढंच.