एलाफोनिसी, बालोस झालं, पण लुत्रो?

एलाफोनिसी आणि बालोस हे दोन किनारे पाहिले की क्रीट या ग्रीक बेटाचे किनारे पाहून झाले, असं काहीजण म्हणतात. ते पटलं नाही. दोन्ही सुंदरच, पण भर उन्हाळ्यात गर्दी फार. दक्षिण किनाऱ्यावरचं लुत्रो हे छोटं गाव बघा: पांढरी घरं, मागे उभा डोंगर, आणि गाडीरस्ताच नाही. होरा स्फाकिओन या जवळच्या बंदरगावाहून बोटीने जायचं किंवा डोंगरकडेच्या पायवाटेने. त्या पायवाटेवर ग्लिका नेरा हा गोट्यांचा किनारा लागतो. तिथे अगदी समुद्राला लागून खडे उकरले की गोडं पाणी लागतं, डोंगरातून झिरपून आलेलं, थंडगार! चालून आल्यावर ते पाणी म्हणजे सुख.

समारियाची १६ किलोमीटरची घळ उतरणार असाल, तर खालच्या आगिया रुमेली गावाहून होरा स्फाकिओनकडे जाणारी बोट लुत्रोला थांबते. त्याच दिवशी हानिया शहरात परतायची घाई करू नका, रात्री लुत्रोतच राहा.