मदत हवी आहे : वय ४७, मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा, क्वालिटीमध्ये २३ वर्षांचा अनुभव. भोसरीतलं आमचं युनिट बंद झाल्यापासून सात महिने घरी आहे.

जाहिरातीतच ‘वय ३५ पर्यंत’ लिहिलेलं असतं. एका ठिकाणी फोनवर बाई छान बोलल्या, जन्मतारीख ऐकली आणि म्हणाल्या, “सर, आमची टीम जरा यंग आहे.” पगार कमी घ्यायला तयार आहे असं सांगायच्या आतच फोन ठेवला. गेज तपासायला केस काळेच लागतात का, हे विचारायचं राहून गेलं!

थोडं वाचलं. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा कायदा आहे, ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यातही वय येतं. आपल्या घटनेचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं, आणि त्यातल्या धर्म, जात, लिंग वगैरे यादीत वय नाहीच. खासगी कंपनीने नुसत्या वयावरून नाकारलं तर दाद कुठे मागायची? कामगार आयुक्तांकडे गेलेलं कुणी आहे का इथे?

दुसरं, बायोडेटातून जन्मतारीख आणि पास झाल्याचं वर्ष काढून टाकू का? मेहुणा म्हणतो काढ. मला ते लपवाछपवी वाटते, शिवाय ऑनलाइन फॉर्म तारखेशिवाय पुढे सरकतच नाही.

चाकण-तळेगावकडे पंचेचाळिशीनंतर नोकरी मिळालेल्यांनी कृपया सांगा, ओळखीतून मिळाली की थेट अर्ज करून? कंत्राटी कामही चालेल.