दार कोरं, म्हणून सहा हजार?

रिव्हेटराव: काल आपल्या गाड्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने हॉटव्हील्सच्या मेनलाइनचा, म्हणजे साध्या मालिकेतल्या छोट्या खेळण्यातल्या गाडीचा, फोटो टाकला. एका दारावर पट्टे आणि सात आकडा, दुसरं दार कोरं. गाडी लूज, म्हणजे पाकिटाबाहेरची. खाली लिहिलेलं, 'रेअर एरर, ६,००० फिक्स, जाणकारांनीच विचारावं.' म्हणे कारखान्यातच चूक झालेली दुर्मिळ गाडी. आणि जाणकार 'डीएम केलंय' म्हणत रांगेत!

रात्री मी बायकोचा नेलपेंट रिमूव्हर आणि कापसाचा बोळा घेऊन बसलो. घासून टायर झिजलेली एक जुनी गाडी होती, तिचं दार पुसलं. मिनिटभरात आकडा गेला. रंगाची चकाकी किंचित उतरली, तीही दिव्याखाली तिरपी धरली तरच दिसते. झाली माझी रेअर एरर तयार. असल्या चुकांना कसलं आलंय मोल? ५,९९९ ला देतो, कोणाला हवी?

चारआणेवाला: पुसलेल्या गाड्या आहेत म्हणून खऱ्या एरर नाहीतच, हा कुठला न्याय? टॅम्पोत, म्हणजे गाडीवरच्या छपाईत, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा बसतो. एखादा ठसा चुकला की तेवढाच रंग जातो. माझ्याकडे सीलबंद गाडी आहे, आकड्याची पांढरी किनार आहे आणि आतला काळा नाही. काढून दाखवा तुमच्या बोळ्याने फक्त काळा.

आणि चुकीला मोल नसतं म्हणता? १८५४ चं चार आण्यांचं तिकीट आठवा. कलकत्त्यात लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळं छापलं, काहींवर राणी उलटी झाली. आज त्याची किंमत विचारून या.

रिव्हेटराव: तिकिटाला तज्ज्ञाचा दाखला लागतो. इथे दाखला कोण देतो? विकणाराच. आणि सीलबंदचं कौतुक मला सांगू नका. हेअर ड्रायरने ब्लिस्टरचा, म्हणजे गाडीवरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाचा, गोंद सुटतो, हे इथल्या निम्म्यांना ठाऊक आहे. कसं ठाऊक, ते विचारत नाही.

ओवीची_आई: तुमचं ठसे-बिसे चालू द्या. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला साधी निळी पिकअप हवीय. तीन आठवडे दुकानात जातेय, पेगवर, म्हणजे टांगायच्या खुंट्यांवर, उरतात त्या ड्रॅगन आणि शार्कच्या गाड्या. परवा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'ताई, बॉक्स वर येतच नाही, गोडाउनमध्येच सर येऊन निवडतात.' कोण हे सर? इथलेच ना?

शटरवर_साडेदहा: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी दुकान उघडायच्या आधी उन्हात उभा राहतो आणि रांगेतून घेतो. गेल्या वर्षी सुपर ट्रेझर हंट, ती क्वचितच हाती लागणारी खास गाडी, मिळाली, रबरी टायर, झगझगीत रंग. तीन वर्षांच्या पायपिटीनंतर! चोरी केली का?

ओवीची_आई: एक घेतली की बारा?

शटरवर_साडेदहा: चार. एक फोडायला, एक ठेवायला, दोन ट्रेडला.

ओवीची_आई: म्हणजे तीन पोरं रडली.

शटरवर_साडेदहा: पोरांना सुपर कळते तरी का? दोन दिवसांत सोफ्याखाली जाते!

रिव्हेटराव: अहो साडेदहा, खेळणं आहे ते. सोफ्याखाली नाही जाणार तर काय बँकेच्या लॉकरमध्ये?

चारआणेवाला: विषय एररचा होता.

पत्र्याचे_काका: तुम्ही लहान आहात सगळे. नव्वदीत आपल्याकडे इथेच बनलेल्या लिओ मॅटेलच्या हॉटव्हील्स यायच्या. एकच कास्टिंग, म्हणजे एकाच साच्यातली गाडी, नाना रंगांत, नाना छपाईत. आम्ही नाकं मुरडायचो, मामाने परदेशातून आणलेली ती 'खरी'. आता परदेशातलेच लोक त्या लिओ शोधतात. माझ्या आईने दोन डबे भंगारवाल्याला दिले, बदल्यात प्लास्टिकचा टब घेतला. टब अजून आहे.

शटरवर_साडेदहा: काका, टब विकायचा का? प्रोव्हेनन्स, म्हणजे कुठून आला त्याची कुळकथा, चांगला आहे.

चारआणेवाला: बघा! लिओला मोल आलं ते त्या वेगळेपणामुळेच. मी हेच सांगतोय.

रिव्हेटराव: त्या गाड्या पोरांनी खेळून उरल्या म्हणून मोल आलं. सहा हजार लिहून पेगवरून उचलल्या नव्हत्या. बरं, तुमची काळा-नसलेली मान्य. किनार शाबूत आणि आतलाच रंग गायब, हे बोळ्याचं काम नाही. अर्धा मुद्दा तुमचा, घ्या, फ्रेम करून लावा. कालची लूज गाडी मात्र रिमूव्हरचीच, त्यावर मी हटत नाही.

चारआणेवाला: तिची बाजू मी कधी घेतली होती?

रिव्हेटराव: मग दोन दिवस भांडलात कशाला!

शटरवर_साडेदहा: ओवीची आई, निळी पिकअप आहे माझ्याकडे एक. छापील किमतीत देतो. फक्त ब्लिस्टरमध्ये उलटी पॅक झालीय, चाकं वर. चालेल?

ओवीची_आई: चालेल की. ती घरी येताना रिक्षातच फोडणार.

शटरवर_साडेदहा: थांबा मग. सरळवाली शोधतो.