शेतकरी कंपनी: ‘मी फक्त सही केली’ म्हणून सुटता येतं का?

धागाकर्ता: धरा, शेतकरी उत्पादक कंपनीनं 400 क्विंटल तूर एका संचालकाच्या भावाच्या फर्मला विकली, बाजार समितीतल्या त्या दिवसाच्या दरापेक्षा क्विंटलमागं 300 रुपये कमी घेऊन. फटका 1,20,000. आमसभेत सांगितलं, ‘बाजारभावानंच गेली’. विक्रीच्या ठरावावर पाचही संचालकांच्या सह्या. माझ्या मते पाचही बांधील. कंपनी कायद्याचं कलम 378-टी: कायदा मोडणाऱ्या ठरावाला मत दिलं, की नुकसान सगळ्यांनी मिळून किंवा कुणा एकाकडूनही पूर्ण वसूल.

कोरडवाहू: पटलं नाही. संचालकांना मानधन शून्य. डिजिटल सहीचे पाचही डोंगल हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये एका रबरबँडात. ओटीपी आला की हे वखर थांबवून फोनवर आकडे सांगतात. कलम 149(12) अशांसाठीच आहे: माहिती, संमती किंवा हलगर्जी दाखवल्याशिवाय बिगर-कार्यकारी, म्हणजे रोजचा कारभार न पाहणाऱ्या संचालकाला धरता येत नाही. नाहीतर पाच संचालक जमायचेच नाहीत, आणि पाचांशिवाय उत्पादक कंपनी चालत नाही.

धागाकर्ता: ते कवच प्रवर्तकाला, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्याला, नाही. गावच्या कंपनीत बहुतेक स्थापनेपासूनचेच बसलेले असतात. आणि डोंगल दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवणं ही हलगर्जी नाही तर काय?

वऱ्हाडी गडी: काऊन भाऊ, विषयपत्रिका कोणीच पाहून नाई रायलं! भाऊ कायद्यानं नातेवाईक, म्हणून नात्यातल्या सौद्यांचं कलम 188. नेहमीच्या धंद्यातला, बाजारभावाचा सौदा असता तर सूट व्हती. 300 नं पडला, सूट गेली. मंग खरेदीदाराचं नाव अन् नातं विषयपत्रिकेत लिहाच लागते, नोटीस सात दिवस आधी. नातं लिहून असतानी सह्या केल्या, तर धागाकर्ता बरोबर. लपवलं असलं, तर बाकी चौघांपुरता कोरडवाहू बरोबर, अन् आमसभेत जाणून खोटं बोलणारा फसवणुकीच्या कलम 447 मधी.

कोरडवाहू: 447 मधली किमान सहा महिन्यांची कैद 10 लाखांपासून पुढं. सव्वा लाखाला कशाला तो बाऊ?

वऱ्हाडी गडी: अर्धंच वाचलं. 10 लाख *किंवा* उलाढालीचा 1 टक्का, जे कमी ते. 80 लाख उलाढालीच्या कंपनीत 80,000 झाले का नाई? फसवायचा हेतू मात्र सिद्ध करा लागते.

धागाकर्ता: म्हणून विरोध असेल तर इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्यावा. 30 दिवसांत ते वहीत चढायला हवं, जाऊन वाचावं. नंतर राजीनामा देऊन उपयोग नाही. कलम 168 प्रमाणे पदावर असतानाच्या गुन्ह्यांची जबाबदारी मागं राहतेच.

कोरडवाहू: इतिवृत्त लिहितो कोण? तोच ड्रॉवरवाला.

वऱ्हाडी गडी: मंग विरोधाचं पत्र त्याच आठवड्यात कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टानं धाडा, पावती आपल्यापाशी. अन् डोंगल घरी आना.