मदत हवी आहे: २०१२ची इनोव्हा, २ लाख ३८ हजार किमी, सर्व्हिसच्या नोंदी नाहीत. सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

नुकतीच इनोव्हा २.५ डिझेल घेतली. २०१२चं मॉडेल, पांढरी पाटी, मी तिसरा मालक. इंजिनचा आवाज छान आहे, काळा धूर नाही, पिकअप ठीक. पण आधी काय काम झालंय याचा एक कागद नाही. चेसिस नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर ७० हजार किमीपर्यंतच्या नोंदी निघाल्या. पुढचं सगळं काम बाहेरच्या गॅरेजला झालेलं, बिलं नाहीत.

वडिलांना उपचारासाठी चिपळूणहून कराडला न्यावं लागतं, म्हणजे दर वेळी कुंभार्ली घाट, भर पावसातसुद्धा. ते गाडीत असताना घाटात गाडी बंद पडायला नको, एवढीच माझी काळजी आहे.

मी पाहिलं ते सांगतो. टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) कव्हरवर मार्करने किलोमीटरचा आकडा लिहिलेला आहे, पण तेलाने पुसलाय. सुरुवातीचा १ तेवढा वाचता येतो. कूलंटच्या बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी आहे. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण अंगावरचा शिक्का १४१६, म्हणजे २०१६च्या चौदाव्या आठवड्यातले. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं तर थोडी वाफ येते, जोर नाही.

एक मेकॅनिक म्हणतो, "चालतंय ना, मग हात लावू नका." दुसरा म्हणतो, आधी इंजिन फ्लश (आतली घाण सोडवणारं रसायन) मारू, मग क्लच, इंजेक्टर सगळंच काढू. माझ्याकडे आत्ता चाळीस हजार आहेत. बाकीचं पुढच्या दोन-तीन महिन्यांत जमेल. आधी काय करावं?

प्रतिसाद १

दादा, नोंद नाही म्हणजे काम झालेलंच नाही, असं धरून चाला. पुसलेल्या आकड्यावर विसंबू नका. या इंजिनला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो फार तर दीड लाख किमीला बदलायचा असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. तुटायच्या आधी आवाज येईलच असं नाही. म्हणून बेल्ट आणि तो ताणून धरणाऱ्या पुल्या (टेन्शनर, आयडलर) हे पहिलं काम, तेही घाट चढायच्या आधी.

त्याच्याच जोडीला ब्रेक. पुढचे पॅड सगळेच बघतात, मागचे ड्रम उघडून लायनर कुणी बघत नाही; तुम्ही समोर उभे राहून उघडायला लावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. असं जुनं ऑइल लांब उतारावर तापलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. कुंभार्ली उतरताना हे परवडणार नाही, तेव्हा ऑइल पूर्ण बदला. टायर पण नवेच घ्या, नक्षी कितीही दिसू दे. इतक्या वर्षांत रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही.

फ्लशला मात्र माझा साफ विरोध. आतली जुनी काजळी एकदम सुटली तर चेंबरमधल्या (इंजिनखालची ऑइलची टाकी) जाळीवर जाऊन बसते आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. या इंजिनात इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळतात, त्यातून आलेला डांबरासारखा काळा थर हा त्याच जाळीवर साचतो. म्हणून चेंबर उतरवून जाळी डोळ्यांनी बघा आणि वॉशर बदलून घ्या. नवीन ऑइल-फिल्टर टाकून पहिलं ऑइल तीन हजार किमीतच काढून टाका. इंजिन त्यातच हळूहळू साफ होतं.

रेडिएटर साधं पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, मग लाल कूलंट. हिरवं त्यात मिसळू नका. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदला. गिअर ऑइल आणि मागच्या हौजिंगचं (मागच्या चाकांच्या मधला गिअरचा डबा) ऑइलही बदला, गाडी मागच्या चाकांवर चालते आणि हौजिंगकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. क्लच घसरत नसेल तर त्याला हात लावू नका. इंजेक्टरची टेस्ट करा, पण चांगले असताना बदलू नका.

पैसे कमी पडले तर हौजिंग, गिअर ऑइल आणि कूलंट पुढच्या महिन्यात. बेल्ट, ब्रेक, टायर, चेंबर आत्ताच.

धागाकर्ता

खूप आभार. ते क्लच-इंजेक्टरचं काम थांबवलं. गुरुवारी बेल्ट आणि चेंबर उघडतोय, मी तिथेच थांबणार आहे. बेल्टच्या कव्हरमागचं ऑइल सील गळत नसेल तरी बदलू का?

प्रतिसाद १

बदला. सीलची किंमत किरकोळ, मजुरी तिथपर्यंत पोचण्याचीच असते. उद्या ते गळलं तर ऑइल नव्या बेल्टवर येईल. आणि काम झाल्यावर तारीख, किलोमीटर बिलावर लिहून घ्या. २०२७ला पंधरा वर्षं पुरी होतील, तेव्हा नोंदणी वाढवायची की गाडी काढायची हे ठरवताना तीच बिलं लागतील.