बँकेची तब्येत बघायची तर आधी देणी बघा, एनपीए नंतर

ताळेबंद_तात्या:
बँकेचा रिझल्ट आला की सगळे एनपीएवर, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या आकड्यावर, तुटून पडतात, ठेवींचं फक्त "एवढे टक्के वाढल्या" म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं उलटं करा. बँकेची देणी म्हणजे मुख्यतः आपल्याच ठेवी, तो पैसा कोणाचा, किती मुदतीचा, किती व्याज देऊन आणलेला हे बघितलं की बराच अंदाज येतो. येस बँक घ्या. मार्च 2019 ला ग्रॉस एनपीए 3.22 टक्के, बऱ्याच सरकारी बँकांपेक्षा झकास. पण कासा, म्हणजे एकूण ठेवींत सेव्हिंग-करंटमधल्या स्वस्त पैशाचा वाटा, वर्षभरात 36.5 वरून 33.1 टक्क्यांवर आलेला. गळती तिथेच दिसत होती. मग सप्टेंबर 2019 ला ठेवी 2.09 लाख कोटी, डिसेंबरला 1.65 आणि मार्च 2020 ला 1.05!

वसुलीवाला:
तात्या, तुम्ही ताप मोजताय आणि त्यालाच रोग म्हणताय. लोक पळाले का, तर कर्जं बुडीत होती म्हणून. आरबीआयने 2016-17 साठी बँकेने लपवलेले 6,355 कोटींचे एनपीए काढले, ते ऑक्टोबर 2017 लाच जाहीर झालं. आणि तेव्हा तुमच्या ठेवी काय करत होत्या? मार्च 2017 ला 1.43 लाख कोटी होत्या, वर्षात 2 लाख कोटींवर गेल्या. मस्त चाललंय असंच दिसलं असतं ना?

ताळेबंद_तात्या:
अहो एका वर्षात 40 टक्के वाढ हे मस्त कसं? सेव्हिंगवर 6 टक्के देऊन पैसा ओढत होते, बाकीच्या मोठ्या बँका साडेतीन-चार देत असताना. ज्याला एवढी घाई तो कर्जही घाईतच वाटणार. आणि एनपीएचा आकडा बँक स्वतः ठरवते, तुम्हीच आत्ता सांगितलंत की तो 6,355 कोटींनी खोटा निघाला. ठेवीदार निघून गेला तर ते कसं लपवणार?

सांगलीची_सीए:
लपवता नाही येत पण उशीर करता येतो की. येस बँकेवर निर्बंध लागले 5 मार्च 2020 ला, 50 हजारांच्या वर काढायचे नाहीत. आणि तो तुमचा डिसेंबरचा 1.65 लाख कोटींचा आकडा बाहेर आला 14 मार्चला. नऊ दिवस आधी दारं बंद. त्याच रिझल्टमध्ये एनपीए 18.87 टक्के, म्हणजे दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी.

पेठेतला_ठेवीदार:
माझ्या ठेवी 5 लाखांच्या आतच आहेत, तेवढ्यावर इन्शुरन्स आहे, मी हे सगळं का वाचतोय 😄

ताळेबंद_तात्या:
फेब्रुवारी 2020 पर्यंत तो इन्शुरन्स 1 लाखच होता हो. बरं, वसुलीवाले, अमेरिकेतल्या बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं काय? तिथे कर्जं बुडाली नव्हती. 90 टक्क्यांहून जास्त ठेवी विमा नसलेल्या, सगळे स्टार्टअपवाले एकमेकांना ओळखणारे, 9 मार्च 2023 ला एका दिवसात 42 अब्ज डॉलर काढायला आले. हा धोका देण्यांचाच. आरबीआयने पण मोबाईल आणि नेट बँकिंगवाल्या किरकोळ ठेवी जास्त चंचल धरून 1 एप्रिल 2026 पासून त्यातल्या 2.5 टक्के जादा ठेवी अडचणीत निघून जातील असं बँकांना धरायला लावलं ते उगाच का?

वसुलीवाला:
आणि ते पळाले कशाला बघून? व्याजदर वाढले, बाँडच्या किमती पडल्या, बँकेने ते विकून तोटा जाहीर केला. बाँड म्हणजे कर्जांसारखी बँकेची मालमत्ताच, देणं नव्हे, साहेब. परत माझ्याच बाजूला आलात.

सांगलीची_सीए:
तसेच बाँड घेऊन तोटा सोसणाऱ्या इतर अमेरिकन बँका टिकल्या की, कारण त्यांचे ठेवीदार विखुरलेले होते. इथे मी तात्यांच्या बाजूने. पण मग एकूण ठेवी बघत बसू नका. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये 20 मोठ्या ठेवीदारांचा हिस्सा किती ते असतं, कोणी उघडत नाही. वर्षातून एकदा देतात, तो दर तिमाहीला सक्तीचा करा.

वसुलीवाला:
करा. शेजारच्याच ओळीत 20 मोठ्या कर्जदारांचाही असतो, तो पण तिमाहीला द्या, मग बघू कोण आधी सावध होतं.