सोलर कुकरमध्ये राजमा लावला तर चालतो का?

गच्चीवरची_सून (मनीषनगर, नागपूर)
नमस्कार. सासूबाईंचा पेटीचा जुना सोलर कुकर गच्चीवर आहे. उन्हाळ्यात आमचा वरण-भात त्यातच होतो. सकाळी डबे ठेवले की दुपारी जेवायला तयार. आता मुलांना राजमा पाहिजे. रात्री भिजवून सकाळी सोलरमध्ये ठेवावा म्हणते, पण जाऊबाई म्हणाल्या की राजमा कमी शिजला तर विषबाधा होते. सासूबाईंचं म्हणणं, कडधान्यच आहे, फार तर पोट फुगेल. नक्की काय ते सांगा. चणे, मोट (मटकी), बरबटी (चवळी) यांचंही असंच असतं का?

मेसवाली_काकू
ताई, ठेवू नका. जाऊबाईंचं बरोबर आहे. माझी मेडिकल चौकाजवळ मेस आहे, दर बुधवारी पोरांच्या डब्यात राजमा-भात जातो. त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. माझी मुलगी इथल्या एलआयटी कॉलेजात फूड टेक्नॉलॉजी शिकली, तिनं हे मला नीट समजावून दिलं.

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. लाल राजम्यात सगळ्यात जास्त, पांढऱ्यात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. कच्चे ४-५ दाणे पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. १ ते ३ तासांत मळमळ आणि उलट्या, मागून जुलाब, पोटात कळ. बहुतेक जण नंतरच्या ३-४ तासांत सावरतात. पण आपल्याकडे मे महिन्यात दुपारी जेवून पोरगं ओकलं की सगळे म्हणतात ऊन लागलं, खिशात कांदा ठेवा. भाजीकडे कोणी पाहत नाही. आणि त्या उन्हात उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलं की लहान लेकराला ते फार जड जातं. असं झालं तर ओआरएस लगेच सुरू करा, घोटभर पाणीही पोटात ठरत नसेल तर दवाखाना गाठा.

आता सोलरचं. हे प्रथिन खदखदत्या उकळीत मोडतं, नुसत्या गरम पाण्यात नाही. उलट ८० अंशांच्या आतच तापत राहिलेला राजमा कच्च्यापेक्षा ५ पटीपर्यंत जास्त विषारी होऊ शकतो! ब्रिटनमध्ये १९७६ साली सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांनी नुसता भिजवलेला राजमा खाल्ला आणि ती आजारी पडली, तेव्हापासून तिकडे याची नोंद होऊ लागली. पुढे मंद आचेच्या विजेच्या भांड्यात केलेल्या राजम्यानंही लोक आजारी पडले. तुमच्या पेटीत कडक ऊन असेल तर पाणी उकळेलही. पण ढग आला, काचेवर धूळ बसली, आरसा फिरवायचा राहिला की तापमान उतरतं, आणि बंद डब्यात उकळी आली का ते तुम्हाला दिसत नाही. तुरीच्या डाळीचं काही बिघडत नाही, फार तर दाळ दाताखाली येईल. राजम्याचं तसं नाही. मंद आचेवर दाणा मऊसुद्धा होतो, म्हणून हाताला मऊ लागला की झाला असं समजू नका.

मी करते ते सांगते. रात्री भरपूर पाण्यात भिजवायचा, निदान ५ तास तरी. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर पाणी आंबतं. सकाळी ते पाणी फेकायचं, भाजीत टाकायचं नाही. मग गंजात (पातेल्यात) ताजं पाणी घेऊन मोठ्या आचेवर उकळायचा. विष मोडायला १० मिनिटांची खरी उकळी पुरते, अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याची शिफारस ३० मिनिटांची आहे. मी ३० धरते, कारण माझ्या जेवणावर दुसऱ्यांची लेकरं वाढतात. वेळ पहिला बुडबुडा दिसल्यापासून मोजू नका, पूर्ण गंज खदखदायला लागला की मोजा. ते पाणीही ओतून देते, मग कुकर. घरच्या लहान कुकरला भिजवलेला राजमा थेट लावला तरी चालतं, आत उकळीपेक्षा जास्त उष्णता असते. माझा कुकर मोठा आणि गच्च भरलेला असतो, मधला ढीग उशिरा तापतो, म्हणून मी आधी उकळते.

कुकर उघडल्यावर वरचा नाही, तळाचा दाणा घ्या आणि नखानं आडवा चिरा. मध्ये खडूसारखा पांढरा ठिपका दिसला तर परत शिट्ट्या घ्या. इतवारीतून आणताना एकाच पोत्यातला घ्या. जुना-नवा मिसळला की निम्मे दाणे फुटून लगदा होतो आणि निम्मे टणक राहतात. बोअरच्या जड पाण्यातही तो हट्टानं शिजत नाही. टमाटर दाणा शिजल्यावरच टाका.

भंडाऱ्याचा_शेतकरी
काकूंनी सगळं सांगितलं. चणे, मोट, बरबटीत हा धोका राजम्याएवढा नाही, पण शिजवायचं ते पुरतं शिजवा. वाल कच्चे खाऊ नका. आणि कोणी लाखोळीची (खेसारीची) डाळ राजम्यासारखी उकळून निर्धोक होते समजत असेल तर तसं नाही. तिच्यातलं विष वेगळं, ते मज्जातंतूंवर जातं. रोजच्या जेवणात महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडतात. भिजवून, उकळून, पाणी फेकून ते कमी होतं, पूर्ण जात नाही.

गच्चीवरची_सून
काकू, खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं. आता एक विचारते, राजमा कुकरमध्ये पूर्ण शिजवला, फोडणी दिली, आणि मग गरम राहावा म्हणून सोलरमध्ये ठेवला तर?

मेसवाली_काकू
मग ठेवा ना बाई. एकदा नीट उकळला की ते प्रथिन परत तयार होत नाही. डब्याच्या बंद टिनातला राजमाही आधीच शिजवलेला असतो, तोही चालतो. फक्त ऊन उतरल्यावर पेटीत कोमट पडू देऊ नका. ४ वाजेपर्यंत संपवा, उरला तर काढून फ्रिजमध्ये टाका, आणि रात्री वाढताना परत उकळी आणा.